घडीभराचे वंगण

मोटारीच्या गिअरबॉक्समधील दंतचक्रे वर्षानुवर्षे तेलात फिरतात. तेथे ग्रीसचे एरवी काही काम नसते. मग गिअरबॉक्स खोलून पुन्हा जुळविताना मिस्त्री ग्रीसचा डबा जवळ का ठेवतो?

याचे उत्तर काउंटर शाफ्टपाशी सापडते. जुन्या घडणीच्या पुष्कळ गिअरबॉक्समध्ये या दांड्यावर फिरणाऱ्या चक्रांच्या पोकळीत पोलादाच्या सुट्या सुया ओळीने रचलेल्या असतात. त्यांना धरणारा पिंजरा नसतो. म्हणून पोकळीला आतून ग्रीस लावून त्यात एकेक सुई चिकटवावी लागते. मग मधोमध एक आखूड दांडा घालतात, आणि पुढे खरा दांडा त्याला ढकलीत बाहेर काढतो. एवढ्या खटपटीत एखादी सुई नकळत खाली पडली आणि दात्यांत सापडली, तर दाता तुटतो. ज्याचा संसार टॅक्सीच्या फेऱ्यांवर चालतो, त्याला गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडणे म्हणजे मजुरी पुन्हा देणे आणि कित्येक दिवसांची मिळकत गमावणे होय.

साहजिकच कोणालाही वाटेल, की ग्रीस जितके चिवट तितके बरे. चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस त्यासाठी सर्रास वापरलेही जाते. माझ्या मते हे चूक आहे. या ग्रीसची नेमणूक हंगामी आहे. आणि हंगामी माणूस कायम होऊन बसला म्हणजे काय होते, हे आम्हा कचेरीतल्या लोकांना सांगावयास नको! सुयांपर्यंत तेल पोचते ते उडणाऱ्या तुषारांतून, लहान छिद्रांच्या वाटेने. ती छिद्रे घट्ट ग्रीसने बुजली, तर सुयांना तेल मिळण्यास अडथळा होतो.

म्हणूनच जुने कारागीर साधे व्हॅसलीन पसंत करीत. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो यांनी पेटंट घेतलेला हा पदार्थ खनिज तेलाच्याच कुळातला. गिअरबॉक्स तापला की तो वितळून तेलात मिसळून जातो. मात्र नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकला असता, तो हातातच पातळ होऊ लागतो आणि सुया घसरतात. तेव्हा जुळणीसाठीच बनविलेले, तेलात विरघळणारे, थोडे घट्ट ग्रीस घ्यावे.

सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांचे कामच घर्षणाचे. घर्षणाने दोन चक्रांचा वेग जुळला तरच गिअर कुरकुर न करता पडतो. त्यांना मॉलिब्डेनमचे किंवा ग्रॅफाइटचे निसरडे ग्रीस मुळीच लावू नये. पुढे गिअरबॉक्समध्ये जे तेल भरावयाचे, त्याच तेलात त्या बुडवून काढाव्यात.

ऑइल सीलच्या ओठाला मात्र लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा घासत नाही. ग्रीस झाकणबंद नळीतून घ्यावे. गॅरेजच्या उघड्या डब्यात धूळ आणि लोखंडाचा कीस आधीच येऊन बसलेला असतो. आणि काही शे किलोमीटर धावल्यावर पहिले तेल बदलावे, म्हणजे विरघळलेले ग्रीस व झिजेचे कण त्याबरोबर निघून जातात.