हाय-फाय प्रदर्शनाला जाण्याआधी

जळगाव-धुळ्याकडच्या गाणंवेड्यांनो, मुंबईला हाय-फाय प्रदर्शन बघायला निघालात तर ओळखीची गाणी पेन ड्राइव्हवर न्या. दालनवाले त्यांच्या स्पीकरला शोभेल तेच लावतात. त्याआधी जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात पुढे बसून तानपुरा कानात साठवा. खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार स्पीकरमधूनही तितकाच स्वच्छ आला पाहिजे. माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही. गायिका केसरबाई केरकरांची भैरवीही लावायला सांगा, १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अवकाशात गेली तीच.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला लावा. जरा मोठा वाजणारा स्पीकर उगाच सरस वाटतो. शिवाय प्रदर्शन हॉटेलात असेल, तर तिथल्या खोलीत गालिचा आणि जाड पडदे असतात. आपल्याकडे कोटा फरशी, उघड्या भिंती. घरी सतरंजी अंथरा, स्पीकर कोपऱ्यातून पुढे घ्या, म्हणजे घुमारा आवरेल.