एक वार, दोन जीव

इंदुरात अध्यापन करीत असताना माझ्या वर्गात एक बुद्धिमान विद्यार्थी होता. त्याचे दोन्ही पाय ताठ असत. काठीच्या आधारानेच तो जिना चढे. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्यासोबत वाळलेला दुसरा गर्भ बाहेर आला होता. आईने ग्रहण पाळले नाही, म्हणून एक गेले व दुसरे अधू झाले, असे घरचे म्हणत. त्या माउलीने ते जन्मभर निमूटपणे ऐकले. श्रोतेहो, मी वैद्यकाचा अधिकारी नव्हे. परंतु हा आरोप का टिकत नाही, हे समजण्यापुरते वाचन मी केले आहे.

गर्भाला मातेशी जोडणाऱ्या अवयवास आपल्या भाषेत ‘वार’ असा नेमका शब्द आहे. जुळ्यांच्या वारा वेगळ्या असल्या, तर त्यांचे रक्ताभिसरणही सहसा वेगळे असते. एकबीज जुळ्यांत मात्र बहुधा वार एकच असते आणि तिच्यात दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस मिळालेल्या असतात. एकाचे हृदय थांबले की त्याच्या वाहिन्यांतील दाब ओसरतो आणि जिवंत भावंडाचे रक्त, पाण्याला उतार मिळावा तसे, तिकडे धावते. त्या अल्पकाळात वाचलेल्याच्या मेंदूला रक्त कमी पडते. मेंदूतील पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग अशा वेळी विशेष नाजूक ठरतो. पायांकडे जाणारे तंतू तेथूनच जातात.

मृत गर्भातून रक्त गोठविणारे द्रव्य येते, असे पूर्वी मानीत. आता दाब कोसळणे हेच मुख्य कारण मानले जाते. हा भेद केवळ पंडिती नव्हे. विष भिनत असेल, तर बाळास तत्काळ बाहेर काढावे. पण इजा घडून गेली असेल, तर अपुऱ्या दिवसांचा जन्म ही दुसरी आपत्तीच. म्हणून डॉक्टर केवळ या कारणास्तव घाई करीत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी एमआरआय करून गर्भाचा मेंदू पाहतात.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, एकच वार असलेल्या व वाचलेल्या बालकांत मेंदूच्या वाढीतील दोष शेकडा २६, तर वेगळ्या वारा असलेल्यांत शेकडा २ आढळले. म्हणजे पहिल्या गटातही बहुसंख्य सुखरूपच.

वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत चांगले कळते. पुढे ते ओळखणे कठीण होत जाते. जुळे आहे असे कळताच घरच्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा. माझ्या विद्यार्थ्याच्या जन्मकाळी ती सोय नव्हती. सुईणीने रिवाजाप्रमाणे वार पुरून टाकली. ती एक होती की दोन, हे कुणी पाहिले नव्हते.