प्रवाळातील घराणी

गेली अकरा वर्षे महिन्यातले दोन रविवार मी कोल्हापूरहून काकतीला जातो. पुणे-बंगळूर हमरस्त्याने निघाले, निपाणी-संकेश्वर मागे टाकले, की बेळगाव आठ-दहा किलोमीटरांवर उरते न उरते तोच हे गाव लागते. राणी चन्नम्मेचे माहेर म्हणून लोक ते ओळखतात. मी मात्र ओळखतो तो तिथल्या एका जुन्या वाड्याच्या सोप्यावरून. तिथे सतरंजी पसरून सात-आठ मुले मजकडे गाणे शिकतात. वाड्याचे धनी आबा हे माळकरी गृहस्थ. स्वतःला सूर लागत नाही, पण भजनाला टाळ चुकत नाही, अशांपैकी.

त्यांच्या नातीविषयी आणि तिच्या पायी मला झालेल्या माशांच्या ओळखीविषयी आज लिहायचे आहे. गाण्याच्या मास्तराने मासळीवर लिहावे हे कोणाला विचित्र वाटेल. मलाही वाटले होते.

दोन वर्षांमागची गोष्ट. शिकवणी आटोपून तानपुरा गवसणीत घालत होतो. आबा जवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी तरी तिला सांगा की. आमच्या घरात मासा शिजत न्हाई, आणि ही पोरगी म्हणत्या, मी त्येची वंशावळ लिवणार. परदेशी जाऊन! गाण्याची परीक्षा टाकून!"

मी तिला समजावण्याचे कबूल केले. खरे सांगायचे तर मला तेव्हा फारसे वाईट वाटले नव्हते. मुलगी मेहनती होती, स्वर शुद्ध होता. पण घरात गाणे नव्हते. आणि घरात गाणे नसेल तर गळ्यात कितीसे येणार, हा माझा कित्येक वर्षांचा हिशेब. नवा विद्यार्थी आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : घरात कोणी गातं का? 'हो' म्हणणारा पुढच्या ओळीत, 'नाही' म्हणणारा मागच्या. ही मुलगी पहिली चार वर्षे मागच्या ओळीत बसली.

हा हिशेब मी वडिलांकडून घेतला. ते दरबारचे गवई. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते आणि त्यांच्या नेमणुकीला दोन वर्षेही झाली नव्हती. पण 'दरबारचे' हा शब्द त्यांनी जन्मभर अंगरख्यासारखा वागवला. मी त्यांना पन्नाशीनंतर झालेला. "रक्तात असावं लागतं," हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकले की त्याचा पुरावा मागावा असे कधी मनातही आले नाही. रक्तात असूनही मी मैफलीचा गवई न होता शिकवणीचा मास्तर झालो, ही त्यातली अडचण आम्ही दोघेही टाळत आलो.

असो. मी नातीला बोलावले. "गुरुजी, आधी ऐकून तर घ्या," म्हणून तिने जे सांगायला सुरुवात केली, ते पुढचे कितीएक रविवार चालले. त्यातले मला कळले तेवढे इथे देतो.

सेर्झ प्लान हे फ्रेंच शास्त्रज्ञ. दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्याँचे. ताहितीशेजारी मूरिया नावाचे बेट आहे, तिथे फ्रेंचांचे प्रवाळ-संशोधनाचे ठाणे आहे. प्लान पुढे त्याचे संचालक झाले. प्रवाळात राहणाऱ्या माशांचे गोत्र शोधणे हा त्यांचा आयुष्याचा व्यवसाय. १९९३ साली त्यांनी अंगावर काळे पट्टे असलेल्या एका 'सर्जन' माशावर निबंध प्रसिद्ध केला. या माशाची पिले अंड्यातून निघाली की दीड-दोन महिने उघड्या समुद्रात तरंगत असतात. पूर्वीचा समज असा, की इतके दिवस प्रवाहावर सोडलेले पोर कुठल्याही बेटाला लागणार. तेव्हा सगळ्या बेटांवरचे मासे एकाच गर्दीतले, त्यांना ना गाव ना घराणे. प्लान यांनी निरनिराळ्या बेटांवरच्या माशांची प्रथिने ताडून पाहिली. पिठुळ खळीच्या थरातून विजेच्या ओढीने प्रथिने पुढे सरकवायची आणि कोणते कुठवर पोचते ते पाहायचे, अशी ती रीत. तीत आढळले की बेटांबेटांत फरक आहे. म्हणजे पोरे समजत होते तितकी उधळत नव्हती.

पण फरक आहे म्हणणे वेगळे आणि हे पोर याच आईबापांचे असे दाखवणे वेगळे. १९९९ साली ऑस्ट्रेलियात जेफ जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी लिझार्ड बेटापाशी एक विलक्षण खटाटोप केला. एका लहान माशाच्या एक कोटीहून अधिक अंड्यांना त्यांनी टेट्रासायक्लिन या औषधाची खूण केली. ही खूण पिलाच्या कानातल्या खड्यात उमटते. (माशाच्या कानात खडा असतो, आणि झाडाच्या खोडासारखी त्यावर रोजची एक वळी चढते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.) पुढे बेटावर नव्याने आलेली पाचेक हजार पिले तपासली, तर पंधरांच्या कानात खूण सापडली. पंधरा म्हणजे थोडी वाटतील. पण खूण सगळ्याच अंड्यांना केलेली नव्हती. तो हिशेब धरून त्यांनी अंदाज बांधला, की आलेल्या पिलांपैकी १५ ते ६० टक्के त्याच बेटाची असावीत.

यानंतर प्लान, जोन्स आणि अमेरिकेतले सायमन थॉरोल्ड ही तिघे मंडळी पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात एका चिमुकल्या बेटाभोवती जमली. इथला नायक म्हणजे विदूषक मासा. अंग केशरी, त्यावर पांढरे पट्टे. राहतो समुद्रफुलाच्या विषारी बोटांत. त्याच्या बिऱ्हाडात मोठेपणाचा क्रम अगदी कडक. सर्वांत मोठी ती मादी, दुसरा तिचा नर, आणि त्यांच्याखाली आपली पाळी येईतो वाट पाहणारे बिनलग्नाचे धाकटे. मादी मेली की नर स्वतःच मादी होतो आणि धाकट्यांतला थोरला नर होतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिके दांपत्याने १९७७ साली हे मांडले. आमच्या शिष्यमंडळींतही गुरूमागे बसण्याचा असाच क्रम असे, एवढेच म्हणून पुढे जातो.

अंडी फुलाच्या बुडाशी. बाप राखण करतो. आठवड्याने पिले फुटतात आणि सुमारे अकरा दिवस उघड्या समुद्रात जातात. तिथे बहुतेकांचा फन्ना उडतो. उरलेली एखाद्या फुलाला येऊन चिकटतात आणि मग जन्मभर तिथून हलत नाहीत.

पाणबुडे एकेका फुलापाशी जात, मासा जाळीत घेत, शेपटीची कणभर चिमूट कापून त्याला परत सोडत. त्या चिमटीतून डीएनए. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. नातीने मला समजावले ते असे : "गुरुजी, एखादा पलटा समजा. कुणाकडे तो अकरा वेळा, कुणाकडे चौदा वेळा. पोराला एक मोजणी आईची मिळते, एक बापाची. अशा बऱ्याच जागा पाहिल्या की आईबाप सापडतात." मला हे इतक्या चटकन समजले याचे मलाच नवल वाटले.

२००९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. किंबे बेटावर नव्याने वस्तीला आलेल्या पिलांपैकी सुमारे ४० टक्के त्याच बेटावरच्या जोड्यांची होती. आणि याच बेटाची काही पोरे पार ३५ किलोमीटरांवरच्या प्रवाळांत सापडली. तोवर समुद्रातल्या पिलाचा इतका लांबचा माग थेट कोणी काढलेला नव्हता.

यात मालवणच्या माणसालाही गोडी वाटावी असा भाग आहे. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य आहे. आपली जाळी बंद होतील म्हणून कोळी बांधवांना त्याचा धाक. त्यांची भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पोट त्यांचे आहे. पण २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या केपेल बेटांवर असेच आईबाप शोधले, तेव्हा दिसले की प्रवाळाचा २८ टक्के भाग राखीव होता आणि आसपासची निम्मी पिले त्या राखीव भागातल्या माशांची होती. त्यांतली पुष्कळशी मासेमारीच्या हद्दीत जाऊन वसली होती. म्हणजे राखलेल्या जागेचे पीक कुंपणाबाहेरही जाते. हे मालवणात मोजून दाखवावे असे आमच्या नातीच्या मनात आहे.

तिने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना (मी पन्नाशीच्या आतला आहे, पण तिच्या लेखी म्हाताराच) गेल्या हिवाळ्यात आंबोली उतरून मालवणला नेले. आबा होडीत विठ्ठल विठ्ठल करीत बसले. मला पोहता येत नाही. हवेची ट्यूब काखेत धरून मी तोंड पाण्यात घातले. दिसले थोडेच, पाणी गढूळ होते. पण ऐकू आले! तापल्या तेलात मोहरी टाकावी तसे चहूकडून तडतड तडतड. ती एक जातीची कोळंबी असते, नांगी आपटून आवाज करते. नातीने सांगितले, की हा आवाज ऐकून पिले प्रवाळाकडे वळतात; २००५ साली स्टीफन सिम्पसन यांनी पाण्यात ध्वनिक्षेपक सोडून ते दाखवले. २०१९ साली तर मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांवर निरोगी प्रवाळाचा आवाज वाजवला, तेव्हा तिथे न वाजवलेल्या जागेच्या दुप्पट मासे आले. प्रवाळ त्याने जिवंत झाले असे नव्हे. पण कान देऊन घर शोधणारा प्राणी मला तत्क्षणी आपला वाटला.

मात्र मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. किंबे बेटावरची मोजणी दहा वर्षे चालू राहिली; माशांच्या पाच पिढ्यांपर्यंतची वंशावळ उभी राहिली. एवढी बखर हाती आल्यावर २०२० साली ओसेआन सालेस, प्लान आणि त्यांच्या सोबत्यांनी विचारले : कुणाची पोरेबाळे, नातवंडे पुष्कळ होतात आणि कुणाची नाही, हे कशावर ठरते? रक्तावर की जागेवर? उत्तर आले, रक्ताचा वाटा जवळपास नाही म्हणावा इतका थोडा. ठरते ते फुलाची जात कोणती, किती खोल, कुठल्या बाजूला, यावर. चांगल्या फुलात पडलेला मासा मोठे घराणे करतो. वाईट फुलात पडलेला खानदानी असला तरी करीत नाही.

शास्त्रज्ञांना यातून आनंद झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. समुद्र तापतो आहे, फुले पांढरी पडत आहेत. आणि रक्तातच फेरफाराची पुंजी नसेल तर हा मासा बदलत्या दिवसांशी जुळवून घेणार कसा, ही त्यांची काळजी आहे. मासे आणि माणसे एक नव्हेत हेही मला समजते. तरी त्या रात्री काकतीहून परतताना बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे ती मागची ओळ उभी राहिली. अकरा वर्षांत तिथे किती मुले बसली, किती कंटाळून गेली. मी त्यांना फूल दिलेच नव्हते.

आणि पाहा, दाखला तर आमच्याच गावात होता. अल्लादियाखाँसाहेब उत्तरेतून येऊन आमच्या दरबारचे गवई झाले. त्यांचे गाणे चिरंजीव मंजीखाँ-भूर्जीखाँ यांनी गायले हे खरेच. पण ते घरोघर पोचवले ते गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी, आणि मंजीखाँ-भूर्जीखाँकडे शिकलेल्या धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. कोणाचे रक्त आणि कोणाचे गाणे! काकतीपासून जवळच सुळेभावी आहे. तिथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात हवेसाठी माळव्यात देवासला गेले आणि तिथलेच झाले. हे सगळे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो, आणि तरीही दाराशी उभ्या पोराला विचारीत राहिलो : घरात कोणी गातं का?

तो प्रश्न मी आता विचारीत नाही. सतरंजीवर ओळी मोडून गोल बसवतो. त्याने सगळ्यांचे गाणे सुधारले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एका सुताराच्या मुलाचे सुधारले आहे.

नातीला मी समजावलेच नाही, हे वाचकांनी ओळखले असेलच. येत्या भाद्रपदात ती जाईल. गेल्या रविवारी आबा म्हणाले, "मास्तर, ते चाळीस टक्के म्हंजे शंभर पोरं गेली तर चाळीस माघारी येतात, न्हवं?"

मीही आधी तसेच समजलो होतो. मी म्हटले, "नाही आबा. गेलेल्यांतली बहुतेक दर्यातच संपतात. जी नवी येऊन राहतात, त्या शंभरातली चाळीस आपल्या बेटाची असतात."

ते बराच वेळ गप्प राहिले. सोप्याबाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते.

"आणि बाकीची साठ?" त्यांनी विचारले.

"ती दुसऱ्या बेटांवरून आलेली."

"मग त्यास्नी कोन शिकवतं?"

आतून नातीने हाक मारली, चहा झाला होता.