लाकडी ओटा टिकतो कसा?

कुंपणासाठी पुरलेला लाकडी खांब तुम्ही पाहिला असेल. काही पावसाळे गेले, की तो कुजून मोडतो. पण कोठे मोडतो? वरच्या टोकाला नाही आणि खोल पुरलेल्या भागातही नाही. बहुतेक वेळा तो जमिनीच्या पातळीजवळ मोडतो. याचे कारण समजले, तर उघड्यावरचा लाकडी ओटा कसा बांधावा, हेही समजेल. अशा ओट्याला ‘डेक’ असेही म्हणतात. हा शब्द जहाजावरून आला आहे.

लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. तिला वाढण्यासाठी ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून कमी राहिला, तर ती वाढत नाही. जमिनीच्या वरचा भाग ऊनवाऱ्याने सुकतो. खोल मातीत हवा कमी असते. जमिनीच्या पातळीजवळ मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून खांब तेथेच कुजतो. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. लाकूड भिजले म्हणून लगेच कुजत नाही. ते ओलेच राहिले, तर कुजते.

आता लाकूड निवडू या. सागाच्या ओंडक्याचा आडवा काप पाहा. बाहेरचा भाग फिकट आणि आतला गडद दिसतो. आतल्या पक्क्या लाकडात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यांमुळे बुरशी आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र लवकर कुजतो. म्हणून केवळ ‘सागवान द्या’ असे म्हणू नका, फळीचा रंगही पाहा. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडिया कारागिरांनी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधले. वेळोवेळी दुरुस्ती झालेले हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

सागवान महाग असते. ते परवडत नसेल, तर कारखान्यात दाब देऊन औषध मुरवलेले साधे लाकूड वापरता येते. पण हे औषध विषारी असू शकते. अशा लाकडाचे तुकडे चुलीत कधीही जाळू नका.

लाकूड चांगले असले, तरी बांधणी चुकली तर ओटा टिकत नाही. खांब मातीत पुरू नका. कोकणातील जुन्या घरांचे लाकडी खांब दगडाच्या तळखड्यावर उभे केलेले दिसतात. त्यामुळे लाकूड ओल्या मातीला लागत नाही. ओट्याखाली वारा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवा. २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या असतील, तर खालच्या वाशांमध्ये ४० सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. नाहीतर फळ्या वाकतात. दोन फळ्यांमध्ये सुमारे ५ मिलिमीटर फट सोडा. तिच्यातून पाणी वाहून जाते आणि पावसाळ्यात फळ्या फुगल्या, तरी एकमेकींना ढकलत नाहीत.

फळीच्या कापलेल्या टोकांतून पाणी फार लवकर आत शिरते. म्हणून टोकांना तेल किंवा रंग नीट लावा. साधे लोखंडी खिळे गंजतात. त्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू घ्या. समुद्रकिनारी खारी हवा असते, तेथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत. स्क्रू बसवण्याआधी लाकडात बारीक भोक पाडले, तर फळी चिरत नाही.

ओटा तयार झाला, म्हणजे काम संपले असे नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर फटींतला पालापाचोळा काढा, कारण तो ओल धरून ठेवतो. मग खाली वाकून वासे आणि सांधे पाहा. वरून फळ्या चांगल्या दिसतात, पण कुजण्याची सुरुवात पुष्कळदा खाली, न दिसणाऱ्या जागी होते. टोकदार खिळ्याने लाकूड टोचून पाहा. खिळा सहज आत गेला, तर ते लाकूड लगेच बदलायला सांगा आणि तोपर्यंत ओट्यावर कोणालाही चढू देऊ नका. या ओट्यावर घरातली माणसे बसतात आणि लहान मुले उड्या मारतात. तो अचानक मोडला, तर नुकसान केवळ लाकडाचे होत नाही.