भाडं ठरलं, बिल्टीचं काय?

बदल्यांच्या याद्या लागल्या. कोणाला हवं ते ठिकाण मिळालं, कोणाची फाईल कुठे अडली, यावर कार्यालयांच्या व्हरांड्यात आणि वर्तमानपत्रांत भरपूर बोलून झालं. आता अमरावतीच्या गाडगेनगरात, साईनगरात आणि अकोल्याच्या जठारपेठेत, गोरक्षण रोडवर रिकाम्या खोक्यांची शोधाशोध सुरू आहे. बदलीवाल्यांच्या जोडीला दुसराही मोठा वर्ग आहे. पुण्यात नोकरी लागलेल्या मुलामागे किंवा मुलीमागे निघालेले निवृत्त आई-वडील, आणि बारावीनंतरच्या शिक्षणासाठी अख्खं बिऱ्हाडच तिकडे नेणारी कुटुंबं. या सगळ्यांच्या तोंडी प्रश्न एकच असतो: ‘गाडीवाला किती घेतो?’

हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. अमरावती ते पुणे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, अकोल्याहून शंभरेक किलोमीटर कमी. एवढ्या लांब घर हलवताना गाडीभाडं हा खर्चाचा फक्त एक भाग असतो. हिशोब खरा बिघडतो तो तीन ठिकाणी: नको असलेलं सामान सोबत नेण्यात, नव्या शहरात कुलूप उघडण्याआधीच द्याव्या लागणाऱ्या रकमांत आणि कागदावर न घेतलेल्या शब्दांत. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि आपल्याकडे तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

भाडं जागेचं असतं

घरसामानाच्या वाहतुकीत बहुतेक वेळा वजनापेक्षा जागेचे पैसे मोजावे लागतात. सामान चौदा फुटी गाडीत मावलं तर एक भाव, सतरा फुटी लागली तर दुसरा. त्यामुळे भाव विचारायच्या आधी घरातून फिरून यादी करायची आणि प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे लिहायचं: न्यायची, विकायची की द्यायची.

वऱ्हाडातल्या घरात ही यादी कूलरपासून सुरू व्हावी. आपला कूलर म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि वेगळं लोखंडी स्टँड. त्याच्यावर जड काही ठेवता येत नाही, पत्रा दबतो. आत पंखा आणि मोटर असल्यामुळे आतली पोकळीही नीट भरता येत नाही. फ्रिजपेक्षा जास्त जागा अडवणारी ही वस्तू पुण्यात वर्षातले फार थोडे दिवस कामी येते, आणि तिथल्या सोसायटीच्या खिडकीत ती बसवू देतीलच असं नाही. कूलर इथेच विकावा. पण त्याला गिऱ्हाईक मिळतं मार्च-एप्रिलमध्ये. जूनमध्ये तोच कूलर मातीमोल भावाने जातो. बदलीचा आदेश उशिरा येतो तेव्हा सामान्य कर्मचाऱ्याचं नुकसान असं घरातल्या एकेका वस्तूपासून सुरू होतं.

धान्याचा हिशोब उलटा आहे. वर्षाचा गहू नुकताच भरलेला असतो, अकोल्याच्या मिलमधली तूरडाळ आणलेली असते, गच्चीवर वाळवलेल्या कुरडया-पापड डब्यांत असतात. धान्य पोत्यात घालून गाडीच्या तळाशी अंथरलं की ते फारशी जागा खात नाही, म्हणून धान्य न्यावं. पत्र्याची उंच कोठी नेऊ नये. जुना सागवानी दिवाण किंवा कपाट नेण्यासारखंच असतं, कारण तसं लाकूड आज घ्यायला गेलं तर भाड्याच्या कितीतरी पट पैसे पडतील. फक्त ते सुताराकडून सुटं करून घ्यावं आणि त्याचे स्क्रू-बिजागऱ्या कापडी पिशवीत घालून त्याच वस्तूला बांधाव्यात.

गॅस सिलिंडर गाडीत चढवूच नका. गाव बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, त्यावर नव्या शहरात जोडणी मिळते. दुचाकी बडनेरा किंवा अकोला स्थानकाच्या पार्सल कार्यालयातून पाठवता येते: आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, गाडी गोणपाटात बांधून घ्यायची आणि टाकी पूर्ण रिकामी करायची. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत बडनेरा आणि अकोल्याला थांबते. तिने माणसं जातील, पण दुचाकीसाठी पार्सल डबा असलेली गाडीच पाहावी लागेल. शयनयान आणि थ्री-टियर एसीच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येतं, हेही पुष्कळांच्या लक्षात नसतं. दुचाकीची नोंदणी महाराष्ट्रातलीच असल्याने एमएच २७ किंवा एमएच ३० चा क्रमांक बदलावा लागत नाही. आरसीवरचा पत्ता मात्र ३० दिवसांत कळवायचा असतो.

कुलूप उघडण्याआधीचे पैसे

पुण्यात महिना २०,००० रुपये भाड्याचं घर धरा. तीन महिन्यांची अनामत ६०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं २०,००० आणि एक महिन्याची दलाली २०,०००. म्हणजे ट्रक निघायच्या आधीच लाखभर रुपये हातातून जातात. अनामत पुढे परत मिळते हे खरं, पण आज ती काढावी लागते. म्हणून तिचा हिशोब खर्चात न धरता रोख रकमेच्या वेगळ्या रकान्यात मांडावा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे साडेपाचशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट याचे चार-पाच हजार सांगत असेल तर त्यात सरकारी शुल्क किती, हे त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

याशिवाय अकोल्याच्या घराचं एका महिन्याचं दुहेरी भाडं, दोन्हीकडची हमाली आणि सोसायटीची लिफ्ट वापरण्याची अट. पुण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळी शहरात येऊ देत नाहीत. नगर रस्त्याने आलेला ट्रक वाघोलीच्या बाजूला थांबला आणि सामान छोट्या टेम्पोत भरावं लागलं, तर तो खर्च कोणाचा? हे इथे ठरलं नसेल तर तिथे रस्त्यावर ठरतं, आणि तेव्हा तुमचं सगळं घर दुसऱ्याच्या ताब्यात असतं.

एका कागदाची ताकद

म्हणूनच बिल्टीबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. आपल्या जिल्ह्यांत घरं आजही बहुधा तोंडी शब्दावर हलतात. ओळखीच्या माणसाची गाडी, फोनवर ठरलेला भाव, वहीच्या पानावर लिहिलेली रक्कम. काही सामान तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून नुसत्या मोबाईल क्रमांकावर जातं. बहुतेक वेळा ते नीट पोहोचतं, आणि त्यामुळेच ही सवय मोडत नाही.

कायदा मात्र सामान्य माणसाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे. १८६५ च्या वाहक कायद्याच्या जागी कॅरेज बाय रोड कायदा, २००७ आला आणि त्याचे नियम २०११ मध्ये झाले. या कायद्याप्रमाणे भाडं घेऊन सर्वांचा माल नेणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे. माल देताना तुम्ही मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची आणि त्याने पावती, म्हणजे बिल्टी, द्यायची. वाटेत सामान हरवलं किंवा फुटलं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसण्याची गरज नसते.

पण भरपाईला मर्यादा आहे आणि ती नीट समजून घ्यावी. जास्त जोखमीचा दर वेगळा ठरवून घेतला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त होत नाही. आता नेहमीचा व्यवहार पाहा. भाडं ठरतं २५,०००. गाडीवाला म्हणतो, जीएसटी वाचवू, बिलावर ५,००० लिहितो, बाकीचे रोख द्या. गिऱ्हाईक खूश होतं. पण कागदावरचं भाडं ५,००० झालं की भरपाईची मर्यादा अडीच लाखांवरून ५०,००० वर येते. कर चुकवण्याचा दोष पदरी पडतो तो वेगळाच. आणि किमतीच्या रकान्यात त्याने परस्पर १०,००० लिहिले असतील तर हातात तेवढेच. बिल्टीवर सही करण्यापूर्वी हे दोन आकडे स्वतः वाचा. घर हलवण्याच्या अख्ख्या कामात याहून मोलाचं मिनिट दुसरं नाही.

बिल्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ अशी ओळ छापलेली असते आणि तिच्यावर बोट ठेवून माणसाला परत पाठवलं जातं. नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, जुन्या कायद्याखाली, स्पष्ट केलं होतं की अशा शब्दांमुळे वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. विम्याच्या नावाखाली सामानाच्या किमतीवर टक्केवारीने पैसे मागितले तर विमा कंपनीची पॉलिसी आणि तिचा क्रमांक मागा. पॉलिसी हातात आली नाही तर तो विमा नाही, वाढीव भाडं आहे.

नुकसान झालंच तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ‘बघतो, करतो’ ऐकत सहा महिने सहज निघून जातात आणि दावाच बुडतो. म्हणून उतरवतानाच बिल्टीच्या प्रतीवर तुटफूट लिहून चालकाची सही घ्या आणि फोटो काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

भत्ता आणि वेळ

सरकारी बदलीवर हाच कागद भत्त्यालाही उपयोगी पडतो. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना, उदाहरणार्थ टपाल किंवा आयकर खात्यातल्यांना, मूळ वेतनाच्या ८० टक्के बदली अनुदान आणि सामानासाठी किलोमीटरमागे दर ठरला: सहाव्या स्तरापासून पुढे ५० रुपये, पाचव्याला २५ आणि चौथ्यापर्यंत १५. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत अशी तरतूद आहे. मूळ दराने सहाशे किलोमीटरसाठी अधिकाऱ्याला ३०,००० पर्यंत, तर खालच्या कर्मचाऱ्याला ९,००० पर्यंत. वजनाची मर्यादा त्याला कमी आहे हे मान्य, पण संसार सगळ्यांचाच असतो आणि डिझेलचा भाव पद पाहून बदलत नाही. हा फरक मला पटत नाही. राज्य सेवेतल्यांनी आपले दर आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावेत. विनंती बदलीला भत्ता मिळत नाही, हे अर्ज करतानाच हिशोबात धरावं.

राहिली वेळ. राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदा सांगतो की सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात. मुदतवाढीचे आदेश निघाले की तोच मुहूर्त जूनवर जातो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे इथे सुट्टी चालू असताना पुण्यात वर्ग भरलेले असतात. दाखला लगेच देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे आणि तो उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. मे महिन्यात निघणार असाल तर सामान पहाटे भरा. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते. तशा दुपारी हमालांना कपाट उचलायला लावणं माणुसकीला धरून नाही. जूनमध्ये निघणार असाल तर ताडपत्रीची अट बिल्टीवर लिहून घ्या.

दोन मागण्या करायला हव्यात. बदलीचा आदेश आणि नव्या ठिकाणी रुजू होणं यांत किमान चार आठवडे मिळावेत. आणि अमरावती व अकोल्याच्या परिवहन कार्यालयांनी नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी दर्शनी भागात लावावी, म्हणजे घर कोणाच्या हाती सोपवतो आहोत हे गाडी दारात येण्यापूर्वी तपासता येईल. यादी लागेपर्यंत एक नियम प्रत्येकाने स्वतःपुरता पाळावा: खरं भाडं आणि खरी किंमत लिहिलेली बिल्टी हातात आल्याशिवाय सामान गाडीत चढवायचं नाही, मग गाडीवाला कितीही ओळखीचा असो.