चढ छातीचा, उतार गुडघ्याचा

मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटात रूळ 37 फूट पुढे जातात तेव्हा 1 फूट वर चढतात. ऐकायला चढ किरकोळ, पण शेकडो टनांच्या गाडीला तेवढाही पुरतो. सायकलवाल्याला मागून ढकलायला मात्र कुणी नसतं.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब असतो, आणि तो असायलाच हवा, कारण खोपोलीनंतर खेळाचे नियमच बदलतात. सपाटीवर शत्रू वारा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. घाटात वेग उतरतो, वारा मागे पडतो आणि उरतं ते वजन. सायकलसह 75 किलोचा स्वार 100 मीटरला 6 मीटर अशा चढावर असेल, तर जणू साडेचार किलोचं ओझं त्याला सतत मागे खेचत असतं. ताशी 15 किलोमीटरने चढायचं तर एवढ्यासाठीच सुमारे 185 वॅट लागतात. म्हणून सपाटीवर दांडग्या मांड्यांचा गडी पुढे असतो आणि घाटात हडकुळा पोरगा त्याला मागे टाकतो.

चढाचं कौतुक सगळेच करतात. मावळात माणसं जखमी होतात ती बहुधा उतरताना, असं माझं मत आहे. मळवलीला उतरून लोहगड करणाऱ्यांना विचारा: वर जाताना धाप लागते, खाली येताना गुडघे बोलू लागतात. याला मोजमापाचा आधारही आहे. बर्लिनच्या संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी यंत्रं बसवली. सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि उतरताना जवळपास साडेतीनपट. वजन एकपट असताना भार इतका कसा? वाकलेल्या गुडघ्यापासून शरीराच्या भाराची रेषा बरीच दूर जाते, आणि मांडीचा स्नायू ज्या वाटीतून ओढतो ती सांध्याला चिकटून असते. तरफेचा हा आखूड दांडा सांभाळायला स्नायूला फार जोर काढावा लागतो, आणि तो सगळा जोर सांध्यावर दाबला जातो.

त्यात पावसाळ्यात कातळावर शेवाळ. पाय सटकेल या भीतीने माणूस मागे, डोंगराच्या बाजूला झुकतो. नेमकं इथेच फसतं. पाऊल पुढे आणि शरीराचा गुरुत्वमध्य मागे राहिला, की पायाचा जोर कातळावर दाबला न जाता त्याच्या अंगाने घसरू पाहतो. घर्षण असतं ते दाबाच्या जोरावर. तिरक्या गुळगुळीत कातळावर नवखा गिर्यारोहकही हेच करतो: खडकाला मिठी मारतो आणि त्याचे पाय सुटतात. अनुभवी माणूस कंबर खडकापासून लांब ठेवतो, वजन पायांवर सोडतो. उभ्या कड्यावर मात उलटं. तिथे कंबर खडकाला भिडवावी लागते, नाहीतर सगळा भार बोटांवर येतो.

तोल राखायचा म्हणजे गुरुत्वमध्याची लंबरेषा पायांच्या आधारातच ठेवायची. योगासनांतही हाच तोल लागतो. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापलं तेच योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्यासाठी. नौली करताना पोटात काय घडतं ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं. त्याच चिकित्सक नजरेने वृक्षासन पाहावं. आधार एका तळव्याएवढा, म्हणून घोट्याचे स्नायू क्षणभरही स्वस्थ नसतात. डोळे मिटले की डोलणं लगेच वाढतं, कारण तोलाची खबर देणाऱ्या तिघांपैकी, म्हणजे डोळे, कानातली यंत्रणा आणि पायांची जाणीव यांपैकी, एक गप्प होतो.

राहिली मांड्यांची गोष्ट. उतारावर स्नायू आखूड होत नाही, ताणला जात जात ब्रेक लावतो. यात श्वास कमी खर्ची पडतो, पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. रविवारी लोहगड केलेला माणूस मंगळवारी ऑफिसच्या जिन्याचा कठडा धरून उतरतो, कारण ही दुखण्याची लाट एक ते तीन दिवसांनी शिखरावर येते. मात्र एकदा असा त्रास झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार पुष्कळ कमी छळतो. म्हणून मोठ्या मोहिमेच्या दोनतीन आठवडे आधी एक लहानसा गड उतरून यावा. चढून जाण्यापेक्षा हीच तयारी जास्त कामाची.