एका मेंदूसाठी किती विषय?

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी ‘आयसर’ आहे. २००६ साली सुरू झालेल्या या संस्थेत मेंदूवर काम करणारे प्राध्यापक कोण आणि त्यांचे विषय काय, हे शोधायला बसलेला विद्यार्थी हमखास बुचकळ्यात पडतो. त्याच्या डोक्यात अल्झायमर असतो, नैराश्य असतं, स्मरणशक्ती असते. समोर येतात पक्ष्याचं गाणं, उंदराचं वास घेणं, कोंबडीच्या अंड्यातला भ्रूण आणि नुसती समीकरणं. घरी सांगायचं तरी काय, असा प्रश्न त्याला पडला तर त्यात नवल नाही. पण त्या यादीतला एकेक विषय नीट उलगडून पाहिला, की मेंदूचं संशोधन आज नेमकं कसं चालतं ते कळतं.

पक्ष्यापासूनच सुरुवात करू. राघव राजन यांचा विषय आहे झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी आपल्याकडे हौशी लोक पिंजऱ्यात पाळतात. यात फक्त नर गातो. पिल्लू मोठ्या नराचं, बहुधा बापाचं, गाणं ऐकतं, अडखळत त्याची नक्कल करतं आणि साधारण तीन महिन्यांत ते गाणं पक्कं होतं. मग जन्मभर तेच. ऐकून शिकणं, आधी बोबडं बोलणं, मग सफाई येणं हा क्रम आपल्या मुलांच्या बोलण्यासारखाच असल्यामुळे जगभरच्या संशोधकांनी या पक्ष्याला जवळ केलं आहे.

राजन यांनी मात्र गाण्यापेक्षा गाण्याच्या आधी काय होतं याकडे लक्ष दिलं. मुख्य गाणं सुरू करण्यापूर्वी नर एक छोटा स्वर पुन्हा पुन्हा काढतो. कधी दोनदा, कधी पाच-सहा वेळा. हे कशासाठी? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलिसन डूप यांच्यासोबत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी हे स्वर एकेक करून मोजले. स्वरांमधलं अंतर कमी कमी होत जातं, हे त्यात दिसलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सुरुवात कशीही झालेली असो, गाण्याच्या अगदी आधीचा शेवटचा स्वर दर वेळी जवळपास एकसारखाच निघतो. त्याच वेळी मेंदूच्या एचव्हीसी नावाच्या भागातल्या चेतापेशींची हालचालही एका ठरावीक स्थितीकडे सरकत असते. गोलंदाजाच्या रनअपसारखंच हे आहे: पावलं कमी-जास्त पडतील, पण चेंडू सोडण्याच्या क्षणी शरीर ठरल्या ठिकाणी आलेलं असतं. शिकलेली कोणतीही कृती सुरू करण्यापूर्वी मेंदू ‘तयार’ होतो म्हणजे काय होतं, हा मोठा प्रश्न इथे एका छोट्या स्वरात पकडता आला.

यासाठी काय काय यावं लागतं ते पाहा. पक्षी सांभाळता आले पाहिजेत. पक्ष्याचं गाणं न थांबवता मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवता आला पाहिजे. आणि हजारो स्वरांमधला सारखेपणा आकड्यांत मांडता आला पाहिजे. प्राणिशास्त्राच्या पदवीत शेवटची गोष्ट शिकवत नाहीत आणि इंजिनिअरिंगच्या पदवीत पहिली.

निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा वासाची. पाण्याचं बक्षीस देऊन उंदराला दोन वासांमधला फरक ओळखायला शिकवायचं आणि तो निर्णयाला किती वेळ घेतो ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. जर्मनीत असताना २००४ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं, की अगदी वेगळे वास उंदीर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ओळखतो. मात्र एकमेकांसारखी मिश्रणं असली, की तो सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका वेळ जास्त घेतो, पण चुकत नाही. म्हणजे अचूकपणा टिकवण्यासाठी मेंदू वेगावर पाणी सोडतो.

अशा संशोधनाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. २०२० साली त्याचं उत्तर पुण्यातच मिळालं. कोरोनात वास जातो हे कळलं, पण रुग्णाला ‘वास येतो का?’ असं विचारून भागत नव्हतं, कारण थोडा कमी झालेला वास माणसाच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही. अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर वास मोजणारं यंत्र रुग्णांसाठी वापरलं. ठरावीक तीव्रतेचा वास यंत्रातून सोडायचा, तो जाणवला का ते नोंदवायचं आणि लागोपाठ दिलेले दोन वास एकच होते की वेगळे ते ओळखायला लावायचं. ज्यांना कसलाच त्रास नव्हता अशा बाधितांमधली उणीवही या चाचणीत दिसली. वास मोजायचा कसा, याचा अनेक वर्षांचा सराव हाताशी होता म्हणून हे काही महिन्यांत जमलं. साथ आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करून ते होण्यासारखं नव्हतं. म्हणून उंदराच्या नाकावरच्या कामाला पैसे देताना हात आखडता घेणं मला धोक्याचं वाटतं.

सुहिता नाडकर्णी मुळात भौतिकशास्त्राच्या वाटेने इथे आल्या. दोन चेतापेशी जिथे जुळतात ती जागा इतकी चिमुकली असते, की तिथे कॅल्शियमचे मोजकेच आयन असतात आणि काय घडेल ते बऱ्याच अंशी योगायोगावर ठरतं. तिथे सरासरीचं गणित चालत नाही. म्हणून त्या संगणकावर ती जागा उभी करतात आणि अल्झायमरमध्ये तिथे काय बिघडत असेल याचा माग काढतात. कॉलिन्स असिसी चेतापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडतात, तर ऑर्णब घोष भ्रूणातली चेतापेशी वाढताना आपली वाट कशी शोधते ते पाहतात.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असंच वैविध्य आहे. संध्या कौशिका एक मिलिमीटर लांबीच्या, जेमतेम ३०२ चेतापेशी असलेल्या पारदर्शक कृमीत चेतापेशीच्या आतली मालवाहतूक बघतात. विदिता वैद्य लहानपणच्या ताणाचे पुढे आयुष्यभर उरणारे परिणाम आणि सेरोटोनिन यांवर काम करतात. शुभा टोळे यांच्या गटाचा २००८ सालचा शोध तर थक्क करणारा आहे. गर्भातल्या उंदराच्या मेंदूत, कॉर्टेक्सच्या कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. एलएचएक्स२ हे जनुक नसलेल्या पेशींचे पुंजके भलत्याच ठिकाणी तयार झाले, तर ते त्या पट्टीसारखे वागू लागतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीसाठी अत्यावश्यक असलेला भाग, बनायला लावतात. एकाच मेंदूत हिप्पोकॅम्पस अनेक जागी घडू लागला.

टाटा संस्थेतल्या जीवशास्त्राच्या पीएचडीसाठी ‘जेजीईईबीआयएलएस’ ही प्रवेश परीक्षा असते आणि ती जीवशास्त्राबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही देता येते. नाशिकच्या किंवा नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स करणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. गाईड निवडताना आजाराच्या नावावर जाऊ नये. त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचावेत, त्यातला प्रश्न आपल्यालाही छळतो का ते पाहावं, आणि प्रयोगशाळेत आधीपासून असलेल्या विद्यार्थ्यांना भेटून रोजचं काम कसं असतं ते विचारावं. समीकरणं घरी बसूनही सोडवता येतात, पण फिंचना रविवारीही दाणापाणी लागतं आणि शिकवायला घेतलेल्या उंदराचा सराव मध्येच सोडून गावी जाता येत नाही.